परिचारिकेचे दुसरे विद्यालय

लिव्हरपूल शहरातील विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची पत्नी 1859 मध्ये निवर्तली, तेव्हा तिची शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला त्याने निरोप न देता, शहरातील दरिद्री वस्तीत घरोघर जाऊन रुग्णसेवा करण्यासाठी तीन महिन्यांकरिता नेमले. आपल्या कामात निष्णात असलेली ही बाई महिनाभरातच रडत परत आली आणि तेथले दैन्य आता पाहवत नाही, असे तिने सांगितले. रॅथबोनने तिची समजूत घातली. आणि मुदत संपली तेव्हा, आपल्या हातून निवारले जाणारे दुःख पाहून, तिला ते काम सोडवेना. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने लिव्हरपूलच्या इस्पितळात परिचारिकांचे शिक्षणालय उभे राहिले आणि प्रशिक्षित परिचारिका वस्त्यावस्त्यांतून जाऊ लागल्या.

मेरी रॉबिन्सनच्या कौशल्यात उणीव नव्हती. जे ठाऊक नव्हते ते घर. रुग्णालयात येणारा रोगी आपली चूल, आपले कर्ज, आपली सासू आणि आपला पाणवठा मागे ठेवून येतो, आणि त्याच्या आजाराची मुळे तर बहुधा तेथेच रुजलेली असतात. म्हणूनच आपल्याकडील परिचर्या-अभ्यासक्रमात विद्यार्थिनींना काही काळ प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र आणि वस्ती यांत काम करावे लागते. त्यांच्या बोलीत हीच ‘कम्युनिटी पोस्टिंग’. सपाट मुलखात 5000 आणि डोंगराळ वा आदिवासी भागात 3000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असे शासकीय प्रमाण आहे. नोंदवहीतील हे आकडे म्हणजे किती उंबरठे, हे पायी फिरल्यावाचून उमगत नाही.

गृहभेटीची पिशवी उघडण्याचीसुद्धा एक शिस्त असते. प्रथम स्वच्छ जागी वर्तमानपत्र अंथरायचे, त्यावर पिशवी ठेवायची, साबण व रुमाल काढून हात धुवायचे आणि मगच इतर साहित्याला स्पर्श करायचा. काम उरकल्यावर पुन्हा हात धुऊन कागदाची मळकी बाजू आत घडी करायची. एका घरातील संसर्ग दुसऱ्या घरी जाऊ नये, एवढाच या सोपस्काराचा हेतू. परंतु ज्या घरात पाणी दूरवरून डोक्यावर आणावे लागते, तेथे हात धुण्यासाठी ते किती मागावे, हा विवेक कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकविलेला नसतो.

तान्ह्या मुलाचा श्वास मोजण्याचेच पाहा. मूल शांत असताना, अंगावरचे कापड किंचित वर सारून, पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजावयाची. दोन महिन्यांपर्यंतच्या मुलात 60 किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत 50 किंवा अधिक आणि वर्ष ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास भरले, तर ते जलद समजावयाचे, आणि अगदी लहान मुलाचे मोजमाप पुन्हा एकदा ताडून पाहावयाचे. वर्गात हे घटकाभरात पाठ होते. अंधाऱ्या खोलीत, मूल रडत असताना, आजी ‘नुसती सर्दी आहे हो, बाई’ म्हणत असताना ते अचूक मोजणे, आणि छाती आत ओढली जात आहे हे ओळखून त्या घराला तत्काळ दवाखान्याची वाट धरावयास लावणे, ही विद्या केवळ अशा खोलीतच साध्य होते. आणि त्या वेळी अनुभवी शिक्षिका शेजारी बसलेली असलीच पाहिजे, कारण तेथे झालेली चूक उत्तरपत्रिकेत नव्हे, मुलाच्या प्राणांवर उमटते.

दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी या प्रशिक्षणाचे पर्यवसान दप्तर भरण्यात होते. विद्यार्थिनी येतात, घरोघरची माणसे, संडास आणि गुरे मोजतात, सुबक तक्ते काढतात आणि निघून जातात. त्या पाहणीतून निघालेला निष्कर्ष ना ग्रामपंचायतीला कळतो, ना त्या घरांना. पुढल्या वर्षी नव्या विद्यार्थिनी तेच प्रश्न विचारतात आणि लोकांनी कंटाळून उत्तरे दिली, तर त्यात त्यांचा दोष नाही. माझ्या मते प्रत्येक विद्यार्थिनीकडे मोजकीच कुटुंबे सोपवावीत, पण ती दीर्घ काळ. म्हणजे जिला लोहाच्या गोळ्या दिल्या ती गरोदर बाई त्या घेते की नाही, घरात ती शेवटी जेवते काय, आणि तिच्या पानात काय उरते, हे विद्यार्थिनीला पुन्हा पुन्हा जाऊन पाहता येईल. पाहणीचा गोषवारा गावाच्या सभेत वाचून दाखविल्याखेरीज त्या कामाला गुण देऊ नयेत.

आणि वाचकहो, पांढऱ्या वेषातील अशा विद्यार्थिनी आपल्या दारी आल्या, तर त्यांना दारातूनच वाटेला लावू नका. बसावयास जागा आणि हात धुण्यास पाणी द्या, विचारतील ते खरे सांगा, आणि नोंदी घेऊन झाल्यावर त्यांत काय आढळले, हे त्यांच्याकडून हक्काने मागून घ्या.