मसुदा-बीजकाची दुरुस्ती आणि यंत्र-मुनीम

सेलू ही परभणी जिल्ह्यातील कापसाची जुनी बाजारपेठ होय. येथील जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या रुईच्या गाठी विकल्या जातात, तेव्हा बीजक एका बैठकीत लिहून संपत नाही. वजन ताडून पाहावे लागते. आर्द्रतेचे प्रमाण आणि धाग्याची लांबी यांवरून भावात थोडीबहुत वजावट ठरते. तोवर बीजक मसुद्याच्या अवस्थेत राहते. या अवस्थेतील दुरुस्तीचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एजंटाकडे सोपविले असता काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दाविषयी. कच्ची कीर्द आणि पक्की कीर्द हा भेद आपल्या पेढ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. परंतु ‘कच्चे बिल’ म्हटले की बाजारात हिशेबाबाहेरचे बिल असा अर्थ घेतला जातो. म्हणून येथे ‘मसुदा-बीजक’ हा शब्द योजला आहे.

मसुद्याला महत्त्व आहे ते कायद्यामुळे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. त्याच्या नियमांनुसार कर-बीजकाला सलग अनुक्रमांक लागतो आणि दिलेल्या बीजकाची रक्कम उतरवावयाची तर जमापत्र काढावे लागते. ई-बीजकाची नोंद झाली असेल तर ती रद्द करण्यास २४ तासांचीच मुदत मिळते. तात्पर्य, खाडाखोड विनासायास करता येते ती मसुद्यातच.

मुंबईच्या फ्रॅपे या संस्थेने तयार केलेल्या ‘ईआरपीनेक्स्ट’ या मुक्त प्रणालीत हा भेद अंकांनी दर्शविला जातो. ० म्हणजे मसुदा, १ म्हणजे दाखल केलेले, २ म्हणजे रद्द केलेले. दाखल बीजकातील भाव बदलावयाचा तर ते रद्द करून सुधारित प्रत काढावी लागते. तिच्या क्रमांकापुढे ‘-१’ लागतो आणि जुनी प्रत दप्तरी राहते. एक अडचण मात्र आहे. या प्रणालीत मसुदा जतन होताच त्याला क्रमांक मिळतो. पुढे मधलाच एखादा मसुदा पुसून टाकला, तर अनुक्रमात पोकळी उरते. एजंटाला मसुदे दुरुस्त करू द्यावेत, परंतु पुसू देऊ नयेत, असे मला वाटते ते याच कारणाने.

आता दुरुस्तीकडे वळू. एजंट पडद्यावरील रकाना माणसासारखा खोडत नाही. तो प्रणालीला एक मागणी पाठवितो. अशा मागण्यांसाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा सामाईक संकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूझीलंडच्या ‘झीरो’ या हिशेब-प्रणालीने त्याला धरून जी साधने दिली, त्यांतील बीजक-दुरुस्तीचे साधन फक्त मसुद्यांवर चालते. शिवाय त्याची अट अशी की, बीजकातील सर्व ओळी पुन्हा पाठवाव्यात. जी ओळ पाठविली नाही ती काढली जाते. ईआरपीनेक्स्टमध्येही ओळींचा तक्ता पाठविला की तो जुन्या तक्त्याची जागा घेतो.

ही अट वाचताना क्षुल्लक वाटते. एक कल्पित उदाहरण घेऊ. सेलूच्या एका व्यापाऱ्याने १७० किलोच्या १०० गाठी विकल्या. खंडी ३५५.६२ किलोंची, म्हणून माल सुमारे ४७.८० खंडी भरला. खंडीस ५५,००० रुपये भावाने २६,२९,००० रुपये झाले. त्याखाली वाहतुकीचे ३०,००० आणि विम्याचे ४,००० अशा आणखी दोन ओळी होत्या. करापूर्वीची बेरीज २६,६३,०००. पुढे भाव ५४,५०० ठरला व मालकाने एजंटाला सांगितले, “भाव तेवढा बदल.” एजंटाने रुईची एकच ओळ नव्या भावाने पाठविली. भाव अचूक बदलला, गुणाकारही बरोबर आला. मात्र बीजकाची बेरीज २६,०५,१०० झाली. उतरावयाचे होते २३,९०० रुपये, उतरले ५७,९००. प्रणालीच्या दृष्टीने यात चूक काहीच नसल्यामुळे तिने हरकत घेतली नाही. मालकाची नजर तर भावाच्याच रकान्यावर होती.

यावर उपाय दुहेरी आहे. एजंटाने आधी संपूर्ण मसुदा वाचावा, सर्व ओळी जशाच्या तशा घेऊन हवी ती एकच बदलावी आणि जुनी बेरीज, नवी बेरीज व दोहोंतील फरक मालकापुढे मांडावा. वरील उदाहरणात ५७,९०० हा आकडा नुसता दिसला असता, तरी मालक थबकला असता. दुसरा उपाय अधिकारांचा. ईआरपीनेक्स्टमध्ये लिहिण्याचा, दाखल करण्याचा आणि रद्द करण्याचा अधिकार वेगवेगळा देता येतो. एजंटाला त्यांपैकी लिहिण्याचाच द्यावा.

दुरुस्तीची नोंद ठेवण्याविषयीही दोन शब्द. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब-प्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक झाले आहे. भागीदारीतील पेढ्यांना तो नियम लागू नाही. तथापि एजंटाला स्वतंत्र नावाने प्रवेश दिला, तर त्याने केलेला बदल आणि मुनिमाने केलेला बदल नोंदवहीत वेगळे दिसतात. दोघांनी एकच नाव वापरले, तर वाहतुकीची ओळ कोणी काढली हे पुढे सांगता येत नाही आणि ठपका बहुधा मुनिमावर येतो.