कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतंय? जुन्या 'पद्मिनी'चा कार्बोरेटर बदलण्याआधी हे वाचा

घरासमोर उभी असलेली जुनी गाडी. सकाळी गॅरेजचं दार उघडलं की पेट्रोलचा भपकारा येतो. बॉनेट वर केलं तर कार्बोरेटर ओला दिसतो आणि खाली दोन-चार थेंब पडलेले असतात.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो : "कार्बोरेटर गेला, दुसरा टाका." पण खरंच अख्खा कार्बोरेटर जातो का? बहुतेक वेळा नाही. गळतीचं कारण एखादी झिजलेली सुई, फुटलेलं पॅकिंग किंवा कडक झालेला रबरी पाइप असतो. पेट्रोल नेमकं कुठून येतंय हे शोधलं की निम्मं काम तिथंच होतं.

महाराष्ट्रात जुनी गाडी म्हटलं की पहिली आठवते ती प्रीमिअर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात 'फिएट ११००' तयार व्हायची. १९७४ पासून तिलाच पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली. पण हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी आजही रस्त्यावर दिसतात. तिच्या पेट्रोल इंजिनावर असायचा सोलेक्स पद्धतीचा कार्बोरेटर.

कार्बोरेटर नेमकं करतो काय?

काम साधं आहे. हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळून इंजिनाला द्यायचं. वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, हे आदर्श प्रमाण.

त्यासाठी कार्बोरेटरला एक छोटी टाकी असते. तिला फ्लोट चेंबर म्हणतात. पंपाने ढकललेलं पेट्रोल तिच्यात येतं. आत एक तरंगणारा फ्लोट असतो. पेट्रोल वाढलं की फ्लोट वर येतो आणि एका सुईने, म्हणजे निडल व्हॉल्व्हने, येणारी वाट बंद करतो. पेट्रोल कमी झालं की तो खाली जातो आणि वाट उघडते.

घराच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल कॉक आठवा. तो बिघडला की टाकी भरून वाहते. इथंही तेच होतं, फक्त पाण्याच्या जागी पेट्रोल असतं. म्हणूनच मेकॅनिक म्हणतात, "गाडी ओव्हर होतेय."

हे थेंब दुर्लक्ष करण्यासारखे का नाहीत?

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून न जाता खाली साचते. बंद गॅरेजमध्ये तर जास्तच. साधारण उणे ४० अंशांनाही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. बॉनेटखाली डिस्ट्रिब्युटर, प्लगच्या जुन्या वायरी आणि डायनामो असतात. एक ठिणगी पुरेशी असते.

दुसरं नुकसान हळूहळू होतं. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरतं, तिथल्या ऑइलचा थर धुऊन टाकतं आणि खाली जाऊन इंजिन ऑइल पातळ करतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसत असेल, तर ती गाडी चालवू नये. आधी गळती थांबवा, मग ऑइल बदला.

जागा पाहा, कारण ओळखा

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गाडी मोकळ्या हवेत आणा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि पावडरचं अग्निशामक जवळ ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नसतं, त्याने आग पसरते. कार्बोरेटर कापडाने कोरडा पुसा. पंपाला हाताने चालवायचा दांडा असेल तर तो हलवून पेट्रोल चढवा आणि ओल आधी कुठं दिसते ते पाहा.

*पाइपच्या जोडाला ओल* : रबरी पाइप कडक झालाय किंवा क्लिप सैल आहे. पाइपचं टोक वाकवून पाहा. बारीक भेगा दिसल्या तर पाइप बदला. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित दुरुस्ती हीच.

*वरच्या झाकणाच्या कडेने ओल* : पॅकिंग गेलंय. नवं पॅकिंग टाकूनही गळत असेल तर झाकण वाकलंय. स्क्रू वाजवीपेक्षा जास्त आवळले की हे होतं. सपाट काचेवर झाकण ठेवून पाहिलं की फट कळते.

*बाजूच्या पंपाच्या कव्हरमधून ओल* : ॲक्सिलरेटर दाबल्यावर जादा पेट्रोल देणारा छोटा पंप तिथं असतो. त्याचा डायाफ्राम फाटलाय.

*आतल्या नळीतून पेट्रोल ओघळतंय, काळा धूर निघतोय, ॲव्हरेज पडलंय* : हा खरा 'ओव्हर'. निडल किंवा फ्लोटचा दोष.

*फक्त गरम गाडी बंद केल्यावर थेंब पडतात* : इंजिनाच्या धगीने चेंबरमधलं पेट्रोल उकळतंय.

सुई आणि फ्लोटची तपासणी

झाकण उघडून निडल काढा. तिच्या टोकावर गोल घासलेली रेघ दिसली तर ती झिजली आहे. निडल आणि तिची सीट जोडीनेच बदलतात. एकच बदलली तर ती नीट बसत नाही.

सीटखाली एक वॉशर असतो. तो क्षुल्लक वाटतो, पण सोलेक्समध्ये त्याच्या जाडीवर पेट्रोलची पातळी ठरते. जाड वॉशर टाकला की फ्लोटला सुई आधी बंद करता येते आणि पातळी खाली येते. पातळ टाकला की पातळी चढते. त्यामुळे जुन्याच मापाचा वॉशर टाकावा.

आता फ्लोट. कानाजवळ धरून हलवा. आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज आला तर त्याला भोक आहे. पितळी फ्लोट असेल तर गरम पाण्यात बुडवा, भोकातून बुडबुडे येतील. पाणी गॅसवरून उतरवून लांब न्या, मगच फ्लोट बुडवा. डाग देऊन भोक बुजवता येतं, पण आत पेट्रोल असताना डाग देणं म्हणजे स्फोटाला निमंत्रण. शिवाय डागाने वजन वाढून पातळी बदलते. नवा फ्लोट मिळत असेल तर तोच बरा.

रस्त्यात गाडी ओव्हर झाली तर जुने ड्रायव्हर इंजिन बंद करून पेचकसच्या मुठीने फ्लोट चेंबरवर हळूच ठोकतात. कचऱ्याने अडकलेली सुई सुटते. पण हा गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरता उपाय. टाकीतला गंज आणि कचरा आला कुठून ते शोधून फिल्टर बदलला नाही, तर सुई पुन्हा अडकणारच.

खापरखेड्याचं ऊन आणि राख

नागपूर जिल्ह्यात, सावनेर तालुक्यातलं खापरखेडा औष्णिक वीज केंद्रासाठी ओळखलं जातं. उडती राख हा खापरखेडा-कोराडी पट्ट्यातला जुना विषय. अशा ठिकाणी एअर फिल्टर लवकर चोंदतो. हवा कमी पडली की मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि काळा धूर पाहून वाटतं की कार्बोरेटर ओव्हर होतोय. म्हणून झाकण उघडण्याआधी एअर फिल्टर पाहावा.

ऊन हा दुसरा भाग. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. गाडी बंद केल्यावर हवा खेळणं थांबतं आणि इंजिनाची सगळी धग कार्बोरेटरला लागते. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये उष्णता अडवणारा जाड तुकडा असतो. मागच्या दुरुस्तीत तो कुणी काढून टाकला असेल, तर नवं किट टाकूनही उन्हाळ्यातले थेंब थांबत नाहीत.

नव्या पेट्रोलचा जुन्या रबराला त्रास

२०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. पद्मिनीचे रबरी भाग या इंधनासाठी बनवलेलेच नव्हते. इथेनॉलने काही प्रकारचं रबर फुगतं, मऊ पडतं किंवा तडकतं. जुन्या गाड्यांमध्ये काही रबरी भाग आणि पॅकिंग बदलावी लागू शकतात, हे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केलं.

इथेनॉल ओलावाही ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीत आणि चेंबरच्या तळाशी पाणी साचून गंज धरतो. त्यामुळे पाइप, डायाफ्राम आणि पॅकिंग घेताना ते इथेनॉलला टिकणारं आहे का, हे विचारून घ्या. गाडी जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करा.

मूळ कार्बोरेटर का जपावा?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नसावेत. १९७४ ची पहिली पद्मिनी आता या वयात आली आहे. घाईत दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवला आणि जुना भंगारात गेला, तर गाडीचं मूळपण त्या दिवसापासून कमी होतं. जेटचं माप जुळत नाही आणि ॲव्हरेजही बिघडतं, ते वेगळंच.

कार्बोरेटर खरंच टाकाऊ होतो तो मुख्यतः दोन कारणांनी : बॉडीला तडा गेला किंवा थ्रॉटलचा दांडा फिरून फिरून त्याची भोकं मोठी झाली. दुसऱ्या प्रकारातही लेथवर बुश बसवून तो वाचवता येतो. म्हणून गॅरेजमध्ये "नवा टाका" असं कुणी म्हटलं, तर एवढंच विचारा : पेट्रोल गळतंय कुठून? त्याचं उत्तर बोट ठेवून दाखवता येत नसेल, तर गाडीला अजून नव्या कार्बोरेटरची नाही, दुसऱ्या मेकॅनिकची गरज आहे.