फोनमधले पैसे गेले कुठे?

दुकानदाराचा संशय आला, तर आपण त्याच्या तागडीकडे बघतो. पण फोनच्या कंपनीने पैसे कापले, तर बघायचे कुठे?

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. त्यांचा मुलगा ऊसतोडीला गेला होता. एका रात्री सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन लागला, कारण तो नंबर फुकट असतो. गाडी आली. पण मुलाला कळवायला गेल्या, तर 'पुरेशी शिल्लक नाही' असे फोन सांगू लागला. चारच दिवसांपूर्वी त्यांनी पन्नास रुपये भरले होते! बाळंतपण सुखरूप झाले. पण मुलगा झाल्याचे बापाला दुसऱ्या दिवशी कळले.

मावशी आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुर्जी, म्या कुणाला फोनबी केला न्हाई. मग पैसं गेलं कुठं?"

आम्ही फोनमधले निरोप वाचले. गाण्याची एक सेवा चालू झाली होती. तिच्यापायी पैसे कापले जात होते. निरोप होता इंग्रजीत. मावशींना तो कसा कळावा?

आम्ही कंपनीला फोन लावला. 'एक दाबा, दोन दाबा' असे यंत्र सांगत राहिले. पाऊण तासाने माणूस बोलला. 'पैसे परत येतील,' म्हणाला. आठ दिवस वाट पाहिली. पुन्हा फोन केला, तर उत्तर आले, 'तुमची तक्रार नोंदलेलीच नाही!' चूक आमचीही होती. पस्तीस वर्षे मुलांना 'लिहून ठेवा' म्हणून सांगितले आणि स्वतः तक्रारीचा नंबर मागितला नाही.

मावशी आता साक्षरतेच्या वर्गाला येतात. दुसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःच्या हाताने नंबर वहीत उतरवला. तो नंबर सांगितल्यावर कंपनीला नाही म्हणता येईना. सेवा बंद झाली. सगळे नाहीत, पण बरेचसे पैसे परत आले.

मंडळी, यात नियम काय आहे, ते समजून घेऊ या.

फोनच्या कंपन्यांवर देखरेख ठेवणारी 'ट्राय' नावाची संस्था आहे. ती १९९७ साली कायद्याने स्थापन झाली. तिने २०१२ साली तक्रारींचे नियम केले. ते असे:

पहिली पायरी. १९८ ला फोन करा. पैसे पडत नाहीत. तक्रारीचा नंबर मागून घ्या. तारीख आणि वेळही लिहा. न मागितलेली सेवा बंद करायला १५५२२३ हा नंबर आहे.

दुसरी पायरी. दाद लागली नाही, तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. टपालाने अर्ज पाठवला तरी चालतो. फी नाही. ३९ दिवसांत निकाल द्यावा, असा नियम आहे.

तिसरी पायरी. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. फोनची तक्रार तिथे चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे. सल्ला हवा असेल, तर १९१५ ला फोन करा.

आणि कंपनीच नको झाली, तर? नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. देशभर ही सोय २०११ पासून आहे. 'पोर्ट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहावा, जागा सोडून आपला नंबर लिहावा आणि निरोप १९०० ला पाठवावा. आठ अक्षरांचा संकेत येतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. मात्र जुन्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत. फोनमधली शिल्लक आधी वापरून टाका, ती नव्या कंपनीत जात नाही.

एक सावधगिरी बाळगा. 'तुमच्या तक्रारीबद्दल बोलतो' म्हणून कुणी फोन केला आणि ओटीपी मागितला, तर देऊ नका. तो चोर समजावा.

मावशींची वही आता फोनशेजारीच असते. तुमचीही असू द्या. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते, लिहिलेला आकडा जागेवर राहतो.