योजन : भूमापनाचें व ज्योतिषाचें

जुन्या पोथ्यांत योजन हें परिमाण दोन ठिकाणीं आढळतें : एक मार्ग व क्षेत्र यांच्या मापनांत, दुसरें ग्रहांच्या कक्षा सांगतांना. नांव एक म्हणून वस्तुही एकच असें समजून पहिल्याच्या कोष्टकानें दुसऱ्याचे मैल करण्याचा मोह होतो. तो कां आवरावा, हें येथें थोडक्यांत दाखवावयाचें आहे.

लीलावतींतील कोष्टक असें : ८ यवांचें अंगुल, २४ अंगुलांचा हात, ४ हातांचा दंड, २,००० दंडांचा क्रोश व ४ क्रोशांचें योजन. म्हणजे योजनाचे ३२,००० हात झाले. आर्यभटानें ९६ अंगुलें उंचीचा पुरुष धरून अशा ८,००० पुरुषांचें योजन केलें आहे. त्याचेही ३२,००० हातच होतात. कोष्टकावरून पाहतां दोघांचें योजन एकच ठरतें.

परंतु आर्यभटीयांत (इ. स. ४९९) पृथ्वीचा व्यास १,०५० योजनें आहे, तर भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणींत (शके १०७२, इ. स. ११५०) तो सुमारें १,५८१ योजनें आहे. चंद्रकक्षा पहिल्याच्या मतें २,१६,००० योजनें, दुसऱ्याच्या मतें ३,२४,००० योजनें. दोन्ही ठिकाणीं प्रमाण दीडपटीचें आहे. चंद्राचें अंतर पृथ्वीच्या त्रिज्येनें मोजलें, तर दोघांचेंही सुमारें ६५ त्रिज्या येतें. तेव्हां मतभेद आकाशाविषयीं नसून योजनाविषयीं आहे : आर्यभटाचें एक योजन म्हणजे भास्कराचार्यांचें दीड योजन.

हात दीड फुटाचा धरून कोष्टकानें गेल्यास योजन ९ मैलांहून किंचित् अधिक होतें, आणि भास्कराचार्यांच्या पृथ्वीचा व्यास १४,३०० मैलांवर जातो. वास्तविक तो सुमारें ७,९०० मैल आहे. हा दोष आचार्यांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. तो आपल्या रूपांतराचा आहे.

खरा मार्ग आचार्यांनींच दाखविला आहे. एकाच याम्योत्तर रेषेवरील दोन नगरांमधील योजनें मोजावीं, त्यांच्या अक्षांशांचें अंतर घ्यावें, व त्रैराशिकानें परिधि काढावा. म्हणजे भूमि व आकाश यांना जोडणारा दुवा अंश हा आहे, हात नव्हे. ४,९६७ योजनांच्या परिधीस ३६० नीं भागतां अंशाचीं सुमारें १३.८ योजनें येतात. अंश ६९ मैलांचा असल्यानें योजन ५ मैलांचें पडतें. आर्यभटाच्या परिधीवरून तेंच साडेसात मैलांचें पडतें. मात्र या मैलांवरून उलट हाताची लांबी काढूं नये. ५ मैलांच्या योजनाचा हात दहा इंचांहूनही आंखूड येईल, आणि तसा हात कोणत्याही मनुष्याचा नाहीं.

भूमापनांतील हातही सर्वत्र सारखा नाहीं. कौटिल्याचा सामान्य दंड ९६ अंगुलांचा, पण मार्ग व तट यांसाठीं १०८ अंगुलांचें धनुष्य आहे. शिवकालीन जमाबंदींत पांच हात पांच मुठींची काठी आहे व तिचा हात १४ तसूंचा आहे. अंगुल हा हाताचा चोविसावा भाग, तर तसू हा गजाचा. २४ हा आंकडा समान पाहून दोहोंची गल्लत करूं नये. क्षेत्रांत ही चूक वर्गानें वाढते : लांबींत दीडपट, तर बिघ्यांत सव्वादोनपट.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना एवढीच कीं, ज्योतिषाची निनांवी पोथी हातीं येतांच प्रथम भूपरिधीचा आंकडा शोधावा. देशांतरसंस्कारांत तो भाजक म्हणून बहुधा सांपडतो. तो ४,९६७ च्या जवळ आहे, ३,२९९ च्या जवळ आहे, कीं सूर्यसिद्धान्ताप्रमाणें ५,०५९ च्या जवळ आहे, यावरून योजन कोणतें तें कळतें, आणि ग्रंथाच्या परंपरेचाही मागमूस लागतो. नक्कल करतांना मूळ आंकडा व मूळ परिमाण जसेंच्या तसें ठेवावें. मैल द्यावयाचे तर टीपेंत द्यावे. संपादकानें मजकुरांत घातलेल्या मैलांखालीं मूळचें योजन एकदां बुजलें, म्हणजे ही परीक्षा करण्याचें साधनच नाहींसें होतें.