यंत्राचा निर्णय आणि जाळ्याची शिस्त

जबलपूर येथील राज्य भार प्रेषण केंद्रातून मध्य प्रदेशाच्या वीजजाळ्यावर अहोरात्र देखरेख ठेवली जाते. २००३च्या विद्युत अधिनियमाच्या ३३व्या कलमान्वये या केंद्राचा आदेश वीजनिर्मात्याने व परवानाधारकाने पाळणे बंधनकारक आहे. केंद्राने मुंबईच्या पश्चिम विभागीय केंद्राचा आदेश पाळावयाचा, असा हा क्रम. जाळ्यातील काही अत्यंत निर्णायक कृती मात्र या क्रमात येतच नाहीत. त्या उपकेंद्रातील संरक्षक रिले करतो, आणि तो कोणाला विचारत नाही. विचारण्यास अवधीच नसतो.

वाहिनीवरील विद्युतदाब आणि प्रवाह यांचे गुणोत्तर रिले सतत मोजत असतो. कोठे बिघाड झाला की दाब खालावतो, प्रवाह वाढतो, गुणोत्तर घसरते आणि रिले वाहिनी तोडतो. त्याचे तिसरे क्षेत्र पलीकडच्या वाहिन्यांपर्यंत पोहोचते. तेथील रिले निकामी ठरला तर उपयोगी पडावे, एवढाच त्याचा हेतू. अडचण अशी, की अतिभारानेही हेच गुणोत्तर घसरते. बिघाड आणि गर्दी यांतील भेद या मोजणीला कळत नाही.

३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी नेमके हेच घडले. उत्तर विभागातील राज्ये मंजुरीहून अधिक वीज ओढत होती, पश्चिमेकडे वीज शिल्लक होती, आणि दोहोंना जोडणारे अनेक मार्ग बंद होते. बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी तिसऱ्या क्षेत्राच्या रिलेने तोडली व उत्तरेचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच वाहिनी पुन्हा तुटली. या वेळी पूर्व व ईशान्य विभागही अंधारात गेले. दोन्ही दिवशी आरंभी जाळ्यात कोणताही बिघाड नव्हता, असे चौकशी समितीस आढळले.

सारा दोष रिलेच्या माथी मारणे सोयीचे असले, तरी न्याय्य नाही. त्याने नेमून दिलेली मर्यादाच पाळली. भार कमी करण्याच्या सूचना राज्यांना मिळाल्या होत्या. त्यांना पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही, असेही समितीने नोंदविले. म्हणजे आज्ञा पाळणारे यंत्र आणि आज्ञा टाळणारी माणसे एकाच जाळ्यात होती. आदेशभंगाबद्दल ३३व्या कलमाखाली वीजनिर्मात्यास वा परवानाधारकास पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रिलेला दंड नाही. त्याचे नियमन घटनेपूर्वीच, त्याच्या मर्यादा ठरविताना करावे लागते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर वाहिनीने दक्षिणेचे जाळेही उर्वरित देशाशी जोडले गेले, तेव्हापासून या मर्यादांशी कन्याकुमारीपर्यंतचा संबंध आहे.