‘द ओथ ऑफ द वायुपुत्राज’ : असद् या संकल्पनेचा पुनर्विचार

प्रस्तुत लेखात अमीश त्रिपाठी यांच्या शिवत्रयीतील अखेरच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ओथ ऑफ द वायुपुत्राज’ या इंग्रजी कादंबरीतील ‘असद्’ या संकल्पनेचा विचार केला आहे. मुंबईत जन्मलेल्या या लेखकाने शिवाला तिबेटमधून आलेला टोळीप्रमुख मानून कर्तृत्वातून त्याचे देवत्व घडताना दाखविले आहे.

पुराणकथेत असुर सहज ओळखू येतो. येथे तसे होत नाही. शिव प्रथम चंद्रवंशीयांना, मग नागांना दुष्ट समजतो आणि दोन्ही वेळा चुकतो. असद् ठरतो तो सोमरस. दीर्घायुष्य देणारा, मेलुहाच्या वैभवाचा आधार. त्याच्या निर्मितीत सरस्वतीचे पाणी आटते, विषारी सांडपाणी तिबेटात त्सांगपो नदीत सोडले जाते आणि तिच्या प्रवाहाखालील ब्रंगा देशात रोगराई माजते. नागांच्या शारीरिक व्यंगांचे मूळही सोमरसातच आहे. लाभ एकाचा, भोग दुसऱ्याचा. एके काळी हितकर असलेली गोष्ट मर्यादा ओलांडल्यावर अनिष्ट होते, हा या त्रयीचा गाभा होय.

रायगड किनाऱ्यावरील विद्यार्थ्यांना हे फारसे समजावून सांगावे लागत नाही. रोहा व महाड येथील रासायनिक औद्योगिक वसाहतींनी अनेक घरांत पगार आणला. त्याच परिसरातून कुंडलिका व सावित्री समुद्राकडे वाहतात. खाडीकाठच्या कोळी कुटुंबातील एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले, “मॅडम, सोमरस पिणारे वाईट होते का? माझा भाऊ कंपनीतच आहे.”

या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारी व्यक्तिरेखा पर्वतेश्वराची आहे. शिवावर श्रद्धा असूनही हा सेनापती मेलुहाच्या बाजूने लढतो आणि वाचकाला त्याचा राग येत नाही.

शेवटाविषयी मात्र प्रस्तुत लेखिकेचा आक्षेप आहे. सतीच्या हत्येनंतर शिव पाशुपतास्त्राने देवगिरी नष्ट करतो. (ही मेलुहाची राजधानी, आपल्या दौलताबादशी तिचा संबंध नाही.) सोमरसाचे उत्पादन तेथेच होत असल्याने युद्धाचा हेतू साधतो, हे खरे, परंतु त्या क्षणी शिवाचा हात चालवितो तो शोक. दोन खंडांत विवेकाने चाललेला शोध येथे सूडाच्या हाती जातो, आणि कादंबरी या दोहोंतील भेद पुसट ठेवते. पर्वतेश्वर नगरी सोडून जात नाही. तो तिच्याबरोबरच संपतो.