अडकलेली पाचर : कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृतीविषयीं

अमेरिकेंतील 1851 सालच्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरच्या इटालियन प्रतिकृती आतां स्वतःच जुन्या होऊन संग्रहांत येऊं लागल्या आहेत. त्यांत नळी कण्याशीं जखडणारी पाचर बहुधा अडकलेली आढळते. तो केवळ गंज समजून तेल ओतणें व्यर्थ होय. आम्हींही प्रथम तेंच केलें. सोरा, गंधक व कोळसा यांची दारू जळली असतां निम्म्याहून अधिक भाग घनरूपानें मागें उरतो. त्यांतील क्षार ओलावा शोषून पोलाद खातात. ते तेलांत विरघळत नाहींत, ऊन पाण्यांत विरघळतात.

साही कोठ्या रिकाम्या आहेत, केपा काढलेल्या आहेत, हें आधीं पाहावें. मग लाकडी मूठ काढून शस्त्र ऊन पाण्यांत भिजवावें व पाचरीवर लांकूड धरून तिला उजवीकडून डावीकडे हलकेच ठोकावें. लोखंडी हातोड्यानें तिचीं टोकें फुगतात. पाचर निघूनही नळी न सुटल्यास ठासणीचा दांडा दोन कोठ्यांमधील भरीव भागावर टेंकवून दाबावा. नळी पुढें सरकते. सर्व भाग कोरडे झाल्यावर मात्र तेल लावावें.